रविवारचा रस्सा, सोमवारचं पातेलं

सोमवारी सकाळी डबे भरायच्या गडबडीत मी फ्रिजमधून आदल्या दिवशीच्या तांबड्या रश्श्याचं पातेलं बाहेर काढलं. वर अर्ध्या बोटाएवढा थर थिजला होता. लालसर, मेणासारखा. चमच्याने कड सोडवली तर अख्खी चकती उचलून आली. ती वाटीत घेऊन मी काट्यावर ठेवली. 90 ग्राम भरली. रविवारी निम्म्याहून जास्त रस्सा आम्ही चौघांनी संपवला होता, आणि पळीत पहिल्यांदा वरचा तवंगच येतो. म्हणजे यापेक्षा जास्त आमच्या पोटात आधीच गेलं होतं.

आबा, माझे सासरे, दारात उभे राहून बघत होते. त्यांना स्टेंट बसून तीनच आठवडे झाले होते. म्हणाले, "ह्येच माझ्या नळीत हुतं व्हय?"

मी शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. "नाही आबा, तसं नसतं," एवढं म्हणाले आणि गप्प झाले, कारण नेमकं कसं असतं ते उभ्या उभ्या सांगता येण्यासारखं नव्हतं. त्या दिवसापासून वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले, आणि आबांना थोडं थोडं सांगत गेले. तेच इथे लिहिते आहे. कोल्हापुरात असे आबा घरोघरी आहेत.

भिंतीतली ओल

रक्तवाहिनी म्हणजे मोरीचा पाइप आणि तेलातुपाचा थर म्हणजे त्यात अडकलेला गाळ, असं चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. प्रत्यक्षात हा बिघाड भिंतीच्या आत होतो. आपल्याकडे पावसाळ्यात जुन्या घराच्या भिंतीला ओल धरते, गिलाव्याच्या आत पोपडा फुगतो, वरून रंग मात्र दिसायला बरा असतो. एक दिवस तो पोपडा फुटतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत जवळजवळ हेच घडतं.

मेद पाण्यात विरघळत नाही, आणि रक्त म्हणजे बहुतेक पाणीच. म्हणून यकृत मेद आणि कोलेस्टेरॉल प्रथिनाच्या वेष्टनात बांधून त्याची बारीक बोचकी रक्तात सोडतं. त्यांतली एक जात म्हणजे एलडीएल. रिपोर्टवर 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणून असतं ते हेच. रक्तात ही बोचकी जितकी जास्त आणि जितका जास्त काळ फिरतील, तितकी ती वाहिनीच्या नाजूक अस्तरातून आत शिरतात आणि तिथे अडकतात. अडकलेलं बोचकं आत खराब होतं. मग शरीराच्या पांढऱ्या पेशी ते साफ करायला येतात, खाऊन खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. त्यांचा, मेदाचा आणि कालांतराने चुन्यासारख्या कॅल्शियमचा एक गोळा अस्तराखाली तयार होतो. त्यावर शरीर एक पातळ टोपी चढवतं. ही टोपी जाड आणि घट्ट असेल तर माणूस वर्षानुवर्षं ठीक असतो. ती फाटली की आतला ऐवज रक्ताला लागतो, शरीराला वाटतं जखम झाली, आणि काही मिनिटांत तिथे रक्ताची गुठळी धरते. वाहिनी बंद. हाच हार्ट अटॅक.

म्हणून 'कालपर्यंत धडधाकट होता की' असं ज्याच्याबद्दल लोक म्हणतात, त्यालाही अटॅक येतो. पोपडा छोटा असला तरी फुटू शकतो. आबांनाही महिनाभर आधी काही झालं नव्हतं. त्या रात्री छातीत जळजळ झाली, पित्त समजून त्यांनी सोडा प्यायला, घाम फुटला तेव्हा आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आम्हाला उठवलं. छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, थंड घाम, यातलं काहीही झालं तर सोडा पीत बसू नये, थेट दवाखाना गाठावा. लेखाचा विषय आहार आहे, पण हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

ही ओल कधी धरायला लागते? 1953 साली कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या 300 अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल प्रसिद्ध झाला. सरासरी वय 22. चारपैकी तिघांच्या हृदयाच्या वाहिन्यांत या आजाराच्या खुणा आधीच होत्या. बावीस वर्षांच्या पोरांच्या! म्हणजे साठीत येणाऱ्या अटॅकचा हिशोब विशीत सुरू होतो. याची उलट बाजूही तेवढीच बोलकी आहे. काही माणसांत जन्मतःच एका जनुकात असा बदल असतो की त्यांचं एलडीएल आयुष्यभर कमी राहतं. अमेरिकेतल्या अशा कृष्णवर्णीय लोकांचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. त्यांचं एलडीएल इतरांपेक्षा सुमारे 28 टक्के कमी होतं आणि हृदयविकार 88 टक्के कमी. पन्नाशीत गोळी घेऊन एलडीएल तेवढंच खाली आणलं तरी एवढा मोठा फायदा मिळत नाही. सावकाराच्या व्याजासारखं आहे हे. रक्कम किती, यासोबत किती वर्षं, हेही धरावं लागतं.

माझा थोरला मुलगा एकवीस वर्षांचा आहे. हे वाचलं त्या दिवशी मला आबांपेक्षा त्याची काळजी जास्त वाटली.

तालीम सुटली, खुराक राहिला

आबा गंगावेशीच्या बाजूला वाढले. तरुणपणी तालमीत होते. पहाटे पाचशे जोर, हजार बैठका, मग लढती. खुराक त्याला साजेसा: बदामाची थंडाई, तूप, आणि रात्री कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध, डोळ्यांसमोर काढलेलं, फेसासकट. कोल्हापूरच्या माणसाला त्या पितळी पेल्याचं काय वाटतं हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पस्तिशीत गुडघा दुखावला आणि तालीम सुटली. खुराक मात्र सुटला नाही. पुढची तीस वर्षं रोज रात्री अर्धा लिटर म्हशीचं दूध चालूच राहिलं.

आम्ही दोघांनी कागदावर हिशोब मांडला. म्हशीच्या दुधात साधारण 6 ते 7 टक्के मेद. अर्ध्या लिटरात 30 ते 35 ग्राम. त्यातला जवळपास दोन तृतीयांश संपृक्त, म्हणजे थंडीत थिजणारा, त्या चकतीच्या जातीचा. झाले वीसेक ग्राम. दिवसाला 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाने संपृक्त मेद साधारण 22 ग्रामच्या आत ठेवावा असं जागतिक आरोग्य संघटनेचं गणित सांगतं. जेवणाचा घास घ्यायच्या आधीच दुधाने सगळा वाटा संपवला होता.

संपृक्त मेद नेमकं काय बिघडवतो? यकृताच्या पेशींवर एलडीएलची बोचकी आत ओढून घेणारी दारं असतात. आपण तूप, साय, मटणाची चरबी, खोबरं, वनस्पती तूप असा संपृक्त मेद भरपूर खाल्ला की यकृत ही दारं कमी करतं. बोचकी रक्तातच फिरत राहतात आणि भिंतीत शिरायला त्यांना जास्त वेळ मिळतो. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, जवस यांतला मेद बहुतांशी असंपृक्त. संपृक्ताच्या जागी तो खाल्ला की दारं पुन्हा वाढतात. 'जागी' हा शब्द महत्त्वाचा आहे. तुपाबरोबर करडईचं तेलही वाढवलं तर काहीच साधत नाही.

मेहनत होती तोवर आबांच्या कॅलरी जिरत होत्या, पण यकृतावरचा हा परिणाम तेव्हाही पूर्ण पुसला जात नव्हता. तालमीतल्या आजच्या पोरांनीही हे ध्यानात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

दुधाबद्दल एक न्यायाची गोष्ट. दही आणि ताक यांनी हृदयाला अपाय होतो असं अभ्यासांत दिसत नाही, काही अभ्यासांत थोडा फायदाच दिसतो. दूध तापवून साय काढली की मेद बराच उतरतो. आता आबा दुपारी पातळ ताक पितात आणि सकाळी साय काढलेलं दूध, चहापुरतं. रात्रीचा पेला महिन्यातून एकदा कट्ट्यावर जाऊन. तो मी बंद करायला सांगितला नाही, सांगणारही नाही.

पोट सुटलं नाही म्हणजे धोका नाही, असं नाही

आपल्या माणसांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे, आणि तो उलगडण्यात एका मराठी डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापून आला. उंचीच्या मानाने वजनाचा जो आकडा काढतात तो बीएमआय दोघांचाही 22.3. दिसायला दोघंही सडपातळ. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिक यांची 21.2 टक्के. आपण भारतीय वरून बारीक आणि आतून चरबीदार असतो, स्नायू कमी आणि पोटातली चरबी जास्त. जन्मलेल्या बाळातही हे दिसतं, असं याज्ञिक यांच्या चमूने दाखवलं.

याचा परिणाम वयावर दिसतो. 52 देशांतल्या हार्ट अटॅकच्या रुग्णांचा 'इंटरहार्ट' नावाचा मोठा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. त्याच माहितीतून पुढे दिसलं की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला अटॅक सरासरी 53 व्या वर्षी येतो, इतर ठिकाणी 59 च्या सुमारास. सहा वर्षं आधी. घरातली मुलं अजून शिकत असतात ते वय. या अभ्यासाने धोक्याशी संबंध असलेल्या नऊ गोष्टी शोधल्या, आणि अटॅकचा सुमारे 90 टक्के धोका त्या नऊ गोष्टींनी उलगडतो. तंबाखू, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या न खाणं, व्यायाम नसणं, दारू. तंबाखू ओढली काय आणि मळून गालात धरली काय, दोन्हींनी धोका वाढतो. सीमाभागातल्या घरांना हे वेगळं सांगायची गरज पडू नये, पण पडते.

आतून चरबीदार शरीराला सगळ्यात जास्त त्रास होतो तो पांढऱ्या भाताचा, मैद्याचा आणि साखरेचा. पोटात गेल्यावर त्यांची साखर झटकन रक्तात उतरते. गरजेपेक्षा जास्त आलेली साखर यकृत मेदात बदलतं आणि ट्रायग्लिसराइड म्हणून बोचक्यांत भरून बाहेर पाठवतं. रिपोर्टवर ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल, म्हणजे 'चांगलं कोलेस्टेरॉल', कमी, ही जोडी आपल्याकडे वारंवार दिसते ती यामुळे.

इथे गुळाबद्दल बोलणं भाग आहे, आणि ते मला जड जातं. माझ्या माहेरी गुऱ्हाळ होतं. गरम काकवी भाकरीवर घेऊन मी वाढले, उसाच्या पैशावर शिकले. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा वडिलांनी पेढे वाटले होते. पण चहात साखरेऐवजी गूळ घातला की साखर सुटली असं होत नाही. गुळात थोडे क्षार असतात, बाकी बहुतांश साखरच. आबा दिवसात पाच गुळाचे चहा पीत होते, प्रत्येकात दोन चमचे. आता दोन चहा, अर्धा अर्धा चमचा. पहिले पंधरा दिवस ते चिडचिडे झाले होते. मग जिभेला सवय झाली.

दूध-लोण्याच्या एका जिल्ह्याने काय केलं

जेवण बदलून खरंच मरण लांबतं का, असा प्रश्न आबांनी विचारला तेव्हा मी त्यांना फिनलंडची गोष्ट सांगितली. तिथला उत्तर कारेलिया हा प्रांत म्हणजे गाई, दूध आणि जंगल. 1970 च्या आसपास तिथले पुरुष हृदयविकाराने इतके मरत होते की जगात त्याची गणना सगळ्यात वाईट ठिकाणांत व्हायची. न्याहारीला ब्रेडवर लोण्याचा जाड थर, सायीचं दूध, खारवलेलं मांस, भाज्या जवळजवळ नाहीतच, आणि वर सिगारेट. 1971 साली तिथल्या लोकप्रतिनिधींनी सरकारला विनंती-अर्ज केला की आमचे लोक मरताहेत, काहीतरी करा. 1972 साली पेक्का पुस्का नावाच्या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली काम सुरू झालं.

पत्रकं वाटून भागणार नाही हे त्यांना लवकर कळलं. ते गावच्या गृहिणींच्या संघटनेकडे गेले. बायकांनी 'दीर्घायुष्याच्या मेजवान्या' भरवल्या, नेहमीचेच पदार्थ कमी लोणी आणि जास्त भाजी घालून रांधले, आणि गावाला जेवू घातलं. सॉसेज करणाऱ्यांनी मांसातली चरबी कमी करून त्यात मशरूम घातलं. लोण्याचा खप घटला म्हणून दूधवाले शेतकरी हवालदिल झाले, तेव्हा त्यांतल्या काहींना बोरांसारख्या फळांच्या लागवडीकडे वळायला मदत झाली. साधारण 35 वर्षांत त्या प्रांतातल्या कामकरी वयाच्या पुरुषांचं हृदयविकाराने होणारं मरण 80 टक्क्यांहून जास्त घटलं. सिगारेट कमी झाली, पुढे औषधंही सुधारली, हे त्यात धरलंच पाहिजे. पण सुरुवातीच्या वर्षांतल्या घटीचा मोठा भाग कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि सिगारेट उतरल्यामुळे होता, आणि कोलेस्टेरॉल उतरलं ते मुख्यतः जेवणामुळे.

मला या गोष्टीतल्या त्या बायका फार आवडतात. त्यांनी परक्या देशातला पदार्थ आणला नाही. स्वतःच्याच पातेल्यात हात घातला.

आयुष्य किती वाढतं, याचा एक अंदाज नॉर्वेच्या बर्गन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2022 साली मांडला. हे गणिती प्रारूप आहे, म्हणून आकडे अंदाज म्हणूनच घ्यावेत. पाश्चात्त्य पद्धतीचं जेवण सोडून चांगल्या जेवणावर विशीत आलेल्या माणसाला दहा वर्षांहून जास्त मिळतात, साठीत आलेल्याला आठेक वर्षं, ऐंशीत आलेल्यालाही तीनेक. सगळ्यात जास्त फायदा कशाने, तर कडधान्यं वाढवल्याने, मग अख्खी धान्यं आणि दाणे-बदामासारख्या कवचाच्या बिया वाढवल्याने, आणि लाल मांस कमी केल्याने. साठीचा आकडा ऐकून आबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "काय खाऊ नये ह्ये लई झालं. आता काय खायाचं ते सांग की पोरी."

काय खायाचं

हुलगा. हे माझं पहिलं उत्तर होतं. आत्तींच्या हातचं माडगं आमच्या घरातून कधी नाहीसं झालं ते कुणाला आठवत नव्हतं. हुलगे खरपूस भाजून जाडसर दळायचे, पीठ गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचं, लसूण-जिऱ्याच्या चमचाभर तेलाच्या फोडणीत पाणी उकळून त्यात सोडायचं आणि पळीवाढं होईपर्यंत हलवत राहायचं. आता आठवड्यातून तीन रात्री हेच, सोबत शाळूची किंवा नाचणीची भाकरी.

कडधान्यांत आणि अख्ख्या धान्यांत जो विरघळणारा चोथा असतो तो आतड्यात चिकट होतो आणि पित्तरसाला धरून ठेवतो. पित्त कोलेस्टेरॉलपासून बनतं. एरवी आतड्यातलं पित्त परत यकृताकडे जातं. चोथ्याने ते बाहेर नेलं की यकृताला नवं बनवावं लागतं, त्यासाठी कोलेस्टेरॉल हवं, म्हणून ते रक्तातून एलडीएल ओढून घेतं. दारं पुन्हा उघडतात. 2019 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात दिवसाला 25 ते 29 ग्राम चोथा खाणाऱ्यांचं मरणाचं आणि हृदयविकाराचं प्रमाण कमी खाणाऱ्यांपेक्षा 15 ते 30 टक्के कमी दिसलं. मटकी, चवळी, पावटा, हरभरा, भाकरी, पालेभाजी असं ताट असेल तर तेवढा चोथा सहज होतो. मैद्याचा ब्रेड आणि पांढरा भात यांवर तो होत नाही.

म्हणूनच मिसळीकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. मिसळीतली मोड आलेली मटकी हे खरं तर औषध. पण ती बशीत दोन चमचे, वर मूठभर तळलेलं फरसाण, त्यावर कट, हवा तेवढा, आणि बुडवायला मैद्याचा ब्रेड. घरी मी हे माप उलटं केलं. वाटीभर मटकी, फरसाण चिमूटभर, कटात तेल निम्मं. पोरांनी नाक मुरडलं, आबांनी खाल्लं.

दुसरं, मूठभर शेंगदाणे. स्पेनमध्ये सुमारे 7,400 लोकांवर झालेल्या 'प्रेडिमेड' या प्रयोगात एका गटाला रोज 30 ग्राम अक्रोड-बदाम-हेझलनट आणि दुसऱ्याला ऑलिव्ह तेल दिलं. 2013 साली निकाल आला, पण गट पाडताना काही ठिकाणी चूक झाल्याचं लक्षात आलं, म्हणून तो लेख मागे घेऊन 2018 साली नव्या हिशोबाने पुन्हा छापला. तुलनेसाठी ठेवलेल्या तिसऱ्या गटापेक्षा या दोन्ही गटांत अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचं मरण मिळून सुमारे 30 टक्के कमी, हा निष्कर्ष कायम राहिला. अक्रोड आपल्याला रोज परवडत नाहीत. शेंगदाण्यातला मेद बराचसा त्याच जातीचा आहे. भाजलेले, बिनमिठाचे. जवसाची आणि कारळ्याची चटणीही याच घरातली. जवसात ओमेगा-3 मेद भरपूर.

घाण्याचं तेल चांगलं म्हणून कितीही चालतं, हा समज मात्र काढून टाकावा. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत जे 2000 कॅलरींचं ताट दिलं आहे, त्यात तेल-तूप मिळून 27 ग्राम आहे. चौघांच्या घराला महिन्याला साडेतीन लिटर. आमच्या घरी सात लागत होतं. तुम्हीही गेल्या महिन्याचा किराणा काढा आणि माणसांनी भागा. बाहेरच्या भजी-वड्यांचं तेल त्यात धरलेलं नसतं, हेही लक्षात ठेवा. पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल तर आणखी वाईट. वनस्पती तुपातल्या ट्रान्स मेदावर 2022 पासून आपल्याकडे 2 टक्क्यांची मर्यादा आहे, ती चांगलीच गोष्ट, तरी चहाबरोबर रोज खारी आणि बटर खाण्याची सवय मोडलेली बरी.

राहिलं मीठ. त्याचा हिशोब चटणीत दडलेला असतो. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, वर्षाची एकदाच कांडून ठेवलेली. आमच्या घरी किलोभर मिरचीला पाव किलो मीठ घालायची रीत. त्यामुळे भाजीत चटणी घातली की मीठ आधीच पडलेलं असतं, आणि वरून सवयीने आणखी पडतं. शिवाय पापड, लोणचं, फरसाण, ब्रेड. जास्त मिठाने शरीर पाणी धरून ठेवतं, रक्तदाब चढतो, आणि चढलेला दाब त्या पोपड्यावर दिवसरात्र आदळत राहतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रामच्या आत मीठ सांगते, म्हणजे सगळं धरून एक सपाट चहाचा चमचा. चौघांना महिन्याला 600 ग्राम. चीनमधल्या 600 गावांत झालेल्या एका प्रयोगात घरातलं मीठ बदलून चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं, तर पक्षाघात 14 टक्के कमी झाले. 2021 साली तो निकाल आला. असं मीठ आपल्याकडेही मिळतं, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. आम्ही ते घेतलं नाही. चटणीतलं मीठ निम्म्यावर आणलं, आणि टिकावी म्हणून ती छोट्या बरण्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवली.

गोळ्यांबद्दल. जेवण नीट केलं की एलडीएल साधारण 10 ते 20 टक्के उतरतं. आबांचं 148 होतं. स्टेंट बसलेल्या माणसाचं ते 70 च्या खाली, जमल्यास 55 च्याही खाली ठेवावं लागतं. नुसत्या भाकरी-माडग्यावर तिथवर पोचता येत नाही. त्यांच्या तालमीतल्या एका मित्राने आकडे चांगले आले म्हणून स्वतःच गोळी बंद केली होती. आकडे चांगले आले होते ते गोळीमुळे. आबांची गोळी रोज रात्री आत्ती स्वतः हातावर ठेवतात.

आणि रविवारचं मटण? ते चालू आहे. आठवड्यातून एकदा, चरबी सोडून कापून घेतलेलं. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध निम्मं केलं आणि तीळ-खसखस थोडी वाढवली, कारण नारळाचा मेद बहुतेक सगळाच संपृक्त. आळणी रस्सा मी शनिवारी रात्रीच शिजवून फ्रिजमध्ये ठेवते आणि सकाळी थिजलेली चरबी काढून मग फोडणीला घालते. आषाढात गल्लीच्या जत्रेला आबा सगळ्यांबरोबर पंगतीला बसले आणि पोटभर जेवले. वर्षाच्या एका जेवणाने काही होत नाही. मोजायचं ते रोजचं ताट.

सोमवारचं पातेलं आता आबाच फ्रिजमधून काढतात. चकती उचलतात, काट्यावर ठेवतात आणि आकडा मोठ्याने सांगतात. परवा 30 ग्राम भरली. मग बोट बुडवून रस्सा चाखला आणि म्हणाले, "झणका कमी झालाय गं." खरं होतं ते. मिरचीचा रंग आणि तिखटपणा तेलात उतरतो, तेल कमी झालं की त्यांच्यातलंही थोडं जातं. या रविवारी लवंगी मिरच्या दोन जास्त भाजून वाटणात घालणार आहे, तेल तेवढंच ठेवून.